बॅनर कुठं बांधायचा

कशेळ्याच्या पुढच्या एका गावात माझं किराणा दुकान आहे. मुंबईत फाइव्ह-जी सुरू झालं, तेव्हा ‘तुमच्याकडेही लवकरच’ असा कंपनीचा मेसेज आला. तोसुद्धा मला तळ्याच्या बांधावर चढल्यावर मिळाला, कारण आमच्या गावात रेंज फक्त तिथंच येते. त्यानंतर दोन पावसाळे गेले.

मग एका सकाळी कंपनीचा माणूस फाइव्ह-जीचा भला मोठा बॅनर घेऊन आला. दुकानावर बांधून त्यानं फोटो काढला, पण तो साहेबांना काही केल्या जाईना. फोटो पोचल्याशिवाय त्याची हजेरी लागणार नव्हती.

“मावशी, रेंज कुठं येते हो?”

मी स्टुलावर चढले, बॅनरच्या दोऱ्या कापल्या आणि गुंडाळी त्याच्या हातात कोंबली. “चल रं माझ्यासंगं.”

बांधावर पाच-सहा जण होतेच. कुणी गॅसच्या ओटीपीची वाट बघत होतं, कुणी लेकीशी बोलत होतं. मी करंजाच्या झाडाकडे बोट दाखवलं.

“बांध हितं.”

“अहो, इथं कोण बघणार?”

“तुमचं गिऱ्हाईक. आमी रोज हितंच तर उभे असतो.”