खैरूनखालांना वाचून दाखवलेलं पान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला सांगेन सांगेन म्हणत होतो, ती गेली, तिलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय? मलाच नीट ठाऊक नाही.

कळंबला आमच्या शेजारी खैरूनखाला राहायच्या. त्यांचे मालक तहसिलीत मुन्शी होते. ते वारले, तेव्हा घरात कुराण आणि एक उर्दू कादंबरी, एवढीच पुस्तकं राहिली. खालांना वाचता येत नव्हतं. मुलगा यूसुफ शिंपीकाम करायचा. त्याचीही शाळा वडिलांमागं सुटलेली. निजामाच्या शाळेत उर्दू घोटलेला मी. म्हणून दुपारी मी ओसरीवर बसून वाचायचो आणि खाला पडद्याआड सुपारी कातरत ऐकायच्या. अडकित्ता थांबला की समजावं, त्या घाबरल्या.

विचित्रच कादंबरी होती ती. धुक्यात बुडालेलं एक शहर. तिथं रोज संध्याकाळी एका घराचं दार नाहीसं होतं — नुसती सपाट भिंत उरते, आतली माणसं गायब — आणि सकाळी शेजाऱ्यांना त्यांची नावंसुद्धा आठवत नाहीत. एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याला तेवढी आठवतात. दारं नेतं तरी कोण? मी चांगला तरणाबांड गडी, पण घरी परतलो की आधी आमच्या दाराची कडी चाचपायचो. हसू नका.

कादंबरीपाशीच रेंगाळतोय ना मी? पुढं जायची भीती वाटते, दुसरं काय.

निजामाचं राज्य गेलं, ते दिवस. त्याआधी उन्हाळाभर आम्ही हिंदू जीव मुठीत धरून होतो, तेव्हा खालांनी माझ्या आईला आपल्या आतल्या खोलीत ठेवून घेतलं होतं. आता भिण्याची पाळी त्यांची होती. खेड्यापाड्यांतून नको नको ते कानावर यायचं. हैदराबादला त्यांचे भाऊ होते. जायचं ठरलं तर मी माझ्या बैलगाडीतून मायलेकांना स्टेशनापर्यंत सोडावं, असं त्यांनी विचारलं. गाडीवर हिंदू असला की कुणी अडवणार नाही. मी हो म्हणालो. म्हणालो खरा — पण अडवलंच, तर त्यांच्याबरोबर मीही?

जावं की राहावं, खालांचं ठरेना. मुन्शीजी अडल्या वेळी फाल बघायचे: डोळे मिटून पुस्तक उघडायचं, बोट पडेल तिथं उत्तर. कुराणाला मी हात लावावा, हे त्यांना बरं वाटेना. मग पडद्याखालून ती कादंबरीच पुढं आली. पान उघडलेलं, त्यावर त्यांचं बोट.

"बेटा, काय लिवलंय तेवढं सांग. तसंच करू आमी."

त्या पानावर पहारेकरी एका बाईला सांगत होता — सूर्य मावळायच्या आत मुलाला घेऊन निघ, उद्या हे दार नसेल.

मी वाचलं, "जो उंबरा सोडत नाही, त्याचं दार कुणी नेत नाही."

हो, मी खोटं वाचलं. मला त्या रस्त्यानं जायचं नव्हतं, एवढंच.

त्याच आठवड्यात भरदुपारी माणसं आली आणि यूसुफला घरातून ओढत घेऊन गेली. त्याच्या हाका मला ऐकू येत होत्या. मी आतून कडी घालून बसलो होतो. तो परत आला नाही.

पुढं बऱ्याच दिवसांनी खालांनी बोलावलं. मला वाटलं, कळलं यांना. त्यांनी कोपरा दुमडून ठेवलेलं तेच पान पुढं केलं.

"परत वाच, बेटा. माझंच समजण्यात काई चुकलं असंल."

खरं सांगायला याहून वेगळी वेळ कोणती हवी होती? पान समोर होतं. मी पुन्हा तेच वाचलं, एक शब्द इकडचा तिकडं न होऊ देता.

पडद्याआडून त्या हळूच म्हणाल्या, "म्हंजे म्याच घात केला. त्या दिशी सकाळी म्याच त्याला पाण्याला धाडलं व्हतं. उंबरा म्याच सोडायला लावला."

मी पुस्तक मिटलं आणि पडद्याखालून परत सरकवलं. मरेपर्यंत त्या तसंच समजत राहिल्या.