हातांनी म्हटलेली गाणी

माझा दादा लहानपणी तापात बहिरा झाला. इंदूरच्या मूकबधिर शाळेतून तो सुट्टीला देवासला यायचा तेव्हा खुणांची भाषा बरोबर आणायचा. ती शिकणारी घरात मी एकटीच. आई-बाबांना जेवण, आंघोळ, नमस्कार एवढ्या खुणा पुरत. आम्ही दोघं मात्र त्या भाषेत भांडायचोसुद्धा. पुढे मी देवासलाच हिंदी शाळेत शिक्षिका झाले आणि दादा धारला फोटोंच्या फ्रेमा करायला लागला. वहिनीही बहिरी होती. ती वारल्यावर तो एकटाच राहायचा. रोज संध्याकाळी मोबाइलवर व्हिडिओ लावून आमचं बोलणं व्हायचं.

त्या वर्षी धारच्या मराठी मंडळींनी गणेशोत्सवात एक नवीन कार्यक्रम ठेवला. कॉलेजच्या मुलींचा एक गट मागे गाणं लावून ते खुणांच्या भाषेत सादर करायचा. मुली सगळ्या ऐकणाऱ्या. त्यांचे व्हिडिओ खूप गाजले होते. दादाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं, आणि त्याच्यासाठी बोलायला मला.

काळे कुडते, पांढरे हातमोजे घातलेल्या मुली रांगेत उभ्या राहिल्या. जुनं हिंदी विरहाचं गाणं सुरू झालं. सगळे हात एकदम वर जात, एकदम छातीवर येत. दिसायला फार देखणं होतं. लोकांनी मोबाइल वर धरले. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती.

दादाने मला कोपराने ढोसलं. "काय चाललंय?"

"गाणं. तो सोडून गेलाय म्हणून ती रडतेय."

"मग हसतायत का सगळ्या?"

मुली खरंच हसत होत्या. आमच्या भाषेत अर्धं बोलणं चेहऱ्यावर असतं, ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. गाण्यातल्या एकेका शब्दाला एकेक हात लावला होता, आणि ते हात एकामागून एक नुसते येऊन जात होते.

शेवटी शाल-श्रीफळ झालं आणि कुणीतरी सवयीने माइक दादाच्या तोंडासमोर धरला. मी वर गेले. दादाने शांतपणे खुणा केल्या आणि मी मोठ्याने सांगितलं, "मुलींनी मेहनत घेतली आहे. हात सुंदर आहेत. पण मला काही कळलं नाही."

लोकांना ती गंमत वाटली. ते हसले आणि टाळ्या वाजवल्या.

गटाची प्रमुख मुलगी तेवढी हसली नाही. खाली उतरल्यावर ती हातमोजे काढतच माझ्याकडे आली. "मावशी, मी व्हिडिओ देखके शिकलेय सगळं. काकांना विचारा ना, शिकवतील का मला?"

मी विचारलं आणि दादाने लगेच होकाराची मान हलवली. दुकान कुठे आहे तेही सांगितलं, आणि मी तिला माझा नंबर दिला. ती दोन-चारदा गेली. दादा मला कौतुकाने सांगायचा की पोरगी हुशार आहे, पण घाईत असते, आणि गाण्यातले शब्दच विचारते. मग तिचे कार्यक्रम वाढले. इंदूर, उज्जैन, सत्कार. येणं थांबलं. दादाला त्याचं काही वाटलं नाही.

बोर्डाच्या परीक्षा चालू होत्या. माझी वर्गावर ड्यूटी होती आणि मोबाइल ऑफिसात जमा केलेला. तिकडे धारला दादा दुकानात एकदम खाली बसला. शेजारच्या दुकानदाराने त्याला रिक्षात घालून एका खासगी दवाखान्यात नेलं. दादाचा फोन दुकानातच राहिला. दवाखान्यात त्याचं बोलणं कुणालाच समजेना. तो हात उडवत होता, घशातून आवाज काढत होता. त्याला लिहिता यायचं, पण कुणी कागद दिला असता तरी त्या अवस्थेत त्याच्याने पेन धरवलं नसतं. दुकानदाराला ती मुलगी आठवली. "भिया, वो गाने वाली को बुलाओ, वो समझती है."

ती धावत आली. पुढचं मला तिनेच नंतर सांगितलं.

दादाने दोन्ही मुठी छातीशी आणल्या आणि काहीतरी फाडल्यासारखं केलं. पुन्हा पुन्हा. ही खूण तिला येत होती. तिच्या गाण्यात त्या खुणेचा अर्थ मन तुटणं असा होता. तिने डॉक्टरांना सांगितलं, "बोल रहे हैं, दिल टूट गया है. काकी अभी-अभी गई हैं ना."

डॉक्टरांनी घबराट आहे असं धरून शांत करायचं इंजेक्शन दिलं. सलाइनची सुई निघू नये म्हणून दादाचे हात पट्टीने पलंगाला बांधले.

मी पेपर गोळा करून ऑफिसात आले तेव्हा फोनवर तिचेच कितीतरी कॉल होते. मी व्हिडिओ लावला. दादाचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला बघून त्याने हात उचलायचा प्रयत्न केला. नुसती बोटं हलली.

"हात सोडा त्याचे!" मी ओरडले. "बोलता येत नाहीये त्याला! हाथ खोलो!"

नर्स म्हणाली, "मॅडम, सुई निकल जाएगी."

त्या मुलीनेच पट्टी ओढून सोडली. दादाने मोकळ्या हाताने मागे पाठीकडे दाखवलं. तिथून खाली, कमरेपर्यंत, काहीतरी फाटत चाललंय. एकदम. सुरी घातल्यासारखं. असं कधीच झालं नव्हतं. हे सगळं त्याने चार हालचालींत सांगितलं आणि मी तसंच्या तसं डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी दोन्ही हातांचं ब्लडप्रेशर बघितलं आणि ताबडतोब इंदूरला न्या म्हणाले. मोठी रक्तवाहिनी फाटत असावी.

मी देवासहून निघाले, ते धारहून निघाले. ती मुलगी अँब्युलन्समध्ये त्याच्याजवळ होती. वाटेत बेटम्याच्या अलीकडे दादा गेला. मी इंदूरच्या हॉस्पिटलच्या फाटकाशी उभी होते. गाडी आली तेव्हा तिने त्याचा हात धरलेला होता, आणि मला बघून तो सोडावा की धरून ठेवावा हे तिला कळेना.

तेराव्यानंतर ती देवासला आली. खुर्चीच्या कडेवर बसली. चहाला हात लावला नाही.

"मावशी, मी बरोबर सांगितलं असतं तर वाचले असते काका?"

डॉक्टर म्हणाले होते, वाचलेही असते, नसतेही. तेच मी तिला सांगितलं. "मला माहीत नाही गं." तिला माझा राग हवा होता, किंवा माफी हवी होती. माझ्याजवळ त्या दिवशी दोन्ही नव्हतं. दवाखान्यात तिच्याआधी आलेल्या एकानेही मला शोधलं नव्हतं, हेही मला दिसत होतं. आणि तिने तो अर्थ किती खात्रीने सांगितला असेल, हेही.

तिने गट सोडला. गट काही थांबला नाही. पुढच्या गणेशोत्सवात त्यांनी दादाच्या स्मरणार्थ कार्यक्रम ठेवला. मंडळाच्या काकूंचा फोन आला, "ताई, तुम्ही दीप लावायला या हं." मी नाही म्हटलं. त्यांना वाईट वाटलं. हेतू तर चांगलाच होता.

इंदूरला रविवारी दादाच्या शाळेतले जुने मित्र एका बागेत जमतात. मी कधीमधी जाते. एकदा तीही आली, मला न सांगता. तिची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. एकाने तिला बघून सरळ पाठ फिरवली. आमच्यात पाठ फिरवणं म्हणजे बोलणं तोडणं. बाकीचे आपापसात बोलत राहिले, भराभर, आणि तिला त्यातलं फारसं उमगत नव्हतं. ती तशीच बाकावर बसून राहिली, हात मांडीवर ठेवून, उन्हं उतरेपर्यंत. मग एका म्हाताऱ्या मित्राने तिच्यासमोर बसून पोट धरलं आणि चेहरा वाकडा केला. पोटात दुखतंय. मग डोकं, मग दाढ. ती ते बघून एकेक करत गेली. चुकली की तो तिची बोटं धरून सरळ करायचा.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याला मी गेले नाही, म्हणून ती आली की नाही ते सांगता येत नाही.