तिची जुनी ॲक्शन

राज्याच्या संघातून मी सात हंगाम मध्यमगती गोलंदाजी केली आणि आठव्या हंगामाआधी कमरेच्या मणक्याला चीर गेली. कारण माझी ॲक्शन. चेंडू टाकताना कंबर समोर आणि खांदे आडवे. धुणं पिळावं तशी पाठ पिळली जायची. वेळीच कुणी दुरुस्त केलं नाही याचा राग सोलापुरात कोच म्हणून आलो तेव्हाही पोटात होता. त्यामुळे माझ्या सरावाच्या नेटवर वाकडी ॲक्शन खपत नसे. मुलं माझ्यामागं मला काय म्हणायची तेही मला ठाऊक होतं.

ती मुलगी शहराच्या पूर्व भागातली. वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे, घरी तेलुगू बोलायचे. माझ्याकडे आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. बस चुकत असल्यासारखी धावत यायची, डोकं एकीकडे, हात दुसरीकडे. पण चेंडू टप्पा पडून असा आत शिरायचा की मोठ्या मुलांच्याही यष्ट्या उडायच्या. राज्याच्या मुलींच्या निवड चाचणीला वर्ष होतं. ती निवडली जाणार, याबद्दल मैदानावर कुणालाच शंका नव्हती. मलाही नव्हती.

मला मात्र तिची पाठ दिसत होती. माझीच पाठ दिसत होती म्हणा ना. रोज विचारायचो, "कंबर दुखतीय का?" ती म्हणायची, "न्हाय सर." ते मला खरं वाटायचं नाही. शेवटी एक दिवस मी तिचा रनअप अर्ध्यावर आणला, खांदा धरून वळवला आणि बजावलं, "उद्यापासून असंच टाकायचं." ती उलट बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं आज वाटतं. पण तेव्हा मी तिला नेटवरून हाकलली असती.

आठ महिन्यांत ॲक्शन अगदी नीटनेटकी झाली. मी खूश होतो. चेंडू मात्र हरवला. आधी वेग गेला, मग आत शिरणं गेलं, मग टप्पा कुठं पडेल हेच तिला कळेना. चाचणीत तिनं दोन षटकं टाकली, त्यात वाइडच जास्त. निवडकर्त्यांनी चेंडू दुसरीला द्यायला सांगितला. परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली होती आणि मी तिची समजूत काढत होतो. मला माझीच लाज वाटत होती.

पुढच्या आठवड्यात ती सगळ्यांच्या आधी मैदानावर आली.

"सर, मी आदी कशी टाकत होते ते दाखवा की. मला आठवंनाच झालंय."

मी रनअपवर उभा राहिलो, हात वर नेला आणि थांबलो. चार महिने रोज पाहिलेली तिची जुनी ॲक्शन काही केल्या जुळेना. नेटवर मोबाइल आणायला मीच बंदी घातलेली, त्यामुळे एकही व्हिडिओ नव्हता. होती ती माझी वही, ज्यात मी प्रत्येकाच्या चुका लिहून ठेवायचो. तिचं पान उघडून मी वही तिच्या हातात दिली. माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच.

तिनं उभ्याउभ्या वाचलं. डोकं डावीकडे पडतं. खांदा लवकर उघडतो. हात कानापासून लांब. शेवटची उडी नको तितकी मोठी. चेंडू आत येतो, हे मी कुठंही लिहिलं नव्हतं.

वही स्टंपांपाशी उघडी ठेवून ती रनअपच्या टोकाला गेली आणि एकेक चूक आठवून आठवून करू लागली. खांदा उघडला, मोठी उडी घेतली, डोकं पाडलं. चेंडू बाजूच्या जाळीत गेला. ती परत आली, वाकून पान पुन्हा वाचलं आणि मला विचारलं, "सर, डोकं अजून किती पाडू?"