टेस्टरचा डावा हात

त्याला सगळे टेस्टर म्हणत, आणि गंमत म्हणजे टेस्टर तो कधी वापरतच नसे. पस्तीस वर्षं वायरमनचं काम केलं, पण एखाद्या यंत्राच्या पत्र्यात करंट उतरलाय का हे बघायचं असलं, की हा गडी डावा हात पालथा करून बोटांची पाठ लावायचा. तळहात कधीच नाही. तळहात लावला तर करंटने मूठ आवळते आणि माणूस वायर धरून बसतो. पालथा हात झटक्यासरशी मागे येतो. हे त्याला त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं. कुणी असलं धाडस करू नये, पण टेस्टरला त्याचा भारी तोरा. "बारीकशी गळती असली तरी मला कळते," म्हणायचा, आणि खरंच कळायची.

आठ महिन्यांपूर्वी एका लाँड्रीतल्या यंत्राने त्याला असा हिसका दिला, की तो मागच्या चादरींच्या ढिगावर जाऊन पडला. ढीग होता म्हणून निभावलं. तो पाणी प्यायला, त्याने उरलेलं काम संपवलं, आणि घरी येऊन बायकोला सांगितलं काय, तर "आज जरा दमलो." दुसऱ्या दिवशी हात धुताना त्याच्या लक्षात आलं, की डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालंय. पाणी गरम की गार, तेही कळेना. डॉक्टरकडे गेलं तर डॉक्टर काम बंद करायला सांगणार, याची खात्री होती, म्हणून स्वारी डॉक्टरकडे गेलीच नाही. वा रे शहाणा!

तेव्हापासून त्याने कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. चष्म्याच्या डबीत त्याने एक खराखुरा टेस्टर लपवला होता. गिऱ्हाईक आत वळलं, की डबी उघडायची, टेस्टर लावायचा, परत डबी बंद. मग गिऱ्हाईक आलं, की डावा हात पालथा करून लावायचा आणि मान डोलवायची. या नाटकाची त्याला लाज वाटत होती. त्यात येत्या सोमवारी बेकरीचं मोठं पॅनल बदलायचं होतं. फरशी कायम ओली, जागा अडचणीची, आणि बेकरीवाला पाठीशी उभा राहून बघणारा. तिथे डबी काढायची सोय नव्हती. सोमवारपर्यंत बोटं शुद्धीवर आली तर ठीक, नाहीतर बायकोला आणि बेकरीवाल्याला सगळं सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं होतं. आता यापूर्वी त्याने असं किती वेळा ठरवलं होतं, ते विचारू नका.

चीगाँग या चिनी व्यायामाच्या वर्गाला त्याला बायकोने नेलं. ती घरी कपडे अल्टर करून द्यायची, मशीनवर बसून तिचे गुडघे धरले होते. "तुम्हीही चला हो, एकटीला कसंतरी वाटतं," म्हणाली. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये सकाळी सात वाजता दहा-बारा माणसं अनवाणी उभी राहायची. शिकवणाऱ्या बाई आधी पोहायला शिकवायच्या. सगळे त्यांना कोचबाई म्हणत, आणि शिट्टी अजून त्यांच्या गळ्यात असे.

काम काय, तर नुसतं उभं राहायचं. गुडघे किंचित वाकवायचे, हात छातीसमोर गोल धरायचे, जसं काही आपण झाडाला मिठी मारली आहे. अर्धा तास. "आता तळहातांच्या मधे लक्ष द्या," कोचबाई हळू आवाजात सांगायच्या. "तिथे ची आहे. ऊर्जा. ती आपोआप कळेल."

टेस्टरचे हात तेवढ्यात आपोआप पालथे व्हायचे. ऊर्जा म्हटल्यावर तळहात पुढे करायचा, हे त्याच्या हाडांना पटेचना. कोचबाई येऊन हात सरळ करायच्या, आणि त्या पुढे गेल्या की हात पुन्हा पालथे.

"बाई, एक विचारू?" तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं. "ही ऊर्जा येते कुठून?"

"डोक्याच्या टाळूतून."

"आणि जाते कुठे?"

"तळपायातून जमिनीत."

"म्हणजे अर्थिंग आहे."

कोचबाई विचारात पडल्या. "असं म्हणता येईल."

"मग हातात कशी थांबते? सरळ जमिनीत जायला पाहिजे."

"तुम्ही मन जिकडे न्याल तिकडे ती जाते."

मन न्यायचं, पण कुठल्या वाटेने, हे त्याच्या डोक्यावरून गेलं. वर्ग संपल्यावर सगळे आपापला अनुभव सांगत. वाचनालयाच्या बाईंच्या तळहातांत म्हणे कोमट चेंडू होता. रिटायर झालेल्या पोस्टमनच्या दंडातून मुंग्या चालत गेल्या होत्या. "आणि तुम्हाला?" कोचबाईंनी टेस्टरला विचारलं. बायको कौतुकाने बघत होती. "हो, आहे की," तो म्हणाला. घरी जाताना त्याला कळेना, की हे सगळे खरं बोलतात आणि आपण एकटेच लबाड, की सगळेच आपल्यासारखे आहेत. दोन्हींपैकी काहीही खरं असलं तरी त्याचं काम होणार नव्हतं.

तरी तो जात राहिला. आणि शुक्रवारी ते झालं.

डोळे मिटलेले होते, मांड्या थरथरत होत्या. कोचबाई म्हणाल्या, "मन डाव्या हाताकडे न्या." त्याने कसं नेलं देव जाणे, पण करंगळीत काहीतरी हललं. बारीक झिणझिणी, मग ऊब, मग शेजारच्या बोटातही. हलवलं तर जाईल म्हणून तो दगडासारखा उभा राहिला. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. आठ महिन्यांनी आली गं माझी पोरं घरी, असं त्याला मनात वाटलं, बोटांविषयी. त्या सकाळी त्याच्याइतका सुखी माणूस त्या हॉलमध्ये नव्हता.

वर्गानंतर सगळे स्टीलच्या बॉयलरमधलं गरम पाणी पीत. "हा काल मला जरा चावल्यासारखा वाटला," कोचबाई म्हणाल्या. "टेस्टर, बघता का जरा?"

चष्म्याची डबी बाहेर पिशवीत होती. पण आता डबी हवीच कशाला? सगळे बघत होते. त्याने ऐटीत डावा हात पालथा केला आणि ती दोन बोटं बॉयलरच्या पत्र्याला टेकवली. क्षणभर थांबला. मान डोलवली.

"काही नाही. बिनधास्त वापरा."

सगळ्यात पुढे त्याची बायको होती. नुकताच विसळलेला ग्लास तिच्या हातात, हात ओला. तिने झाकण धरलं आणि ओरडली. ग्लास फरशीवर आपटला, ती दोन पावलं मागे आली. टेस्टरने झेप घेऊन प्लग उपटला.

"लागलं का गं? कुठे लागलं?"

"नाही, नाही. नुसता झटका बसला." ती दंड चोळत होती.

"वहिनींची ऊर्जा एकदम मोकळी झाली!" पोस्टमन म्हणाला आणि सगळे हसले. टेस्टर हसला नाही. त्याने आपल्या बोटांकडे बघितलं. ऊब तर अजून होती. मग ती कशाची होती?

बायकोही हसली नाही. ती त्याच्याकडे बघत होती.

घरी आल्यावर तिने मशीनवरचा अर्धा शिवलेला पडदा बाजूला केला आणि त्याला समोर बसवलं. "हात द्या. डावा. आणि डोळे मिटा."

"अगं, काय हे?"

"मिटा म्हणते ना."

त्याने मिटले. हात तिच्यासमोर टेबलावर ठेवला.

"आता?" तिने विचारलं.

तो थांबला. मन तिकडे नेलं. आलं, नक्की आलं. "करंगळी," तो म्हणाला.

"आता?"

"तिच्या शेजारचं. बघ, कळतंय मला! मघाशी घाईत हात नीट टेकला नसेल."

त्याने डोळे उघडले. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

"मी हातच लावला नव्हता," ती म्हणाली. "एकदाही नाही."

तो त्या बोटांकडे बघत राहिला. जे होतं ते लागत नव्हतं, आणि जे लागत होतं ते नव्हतंच. पस्तीस वर्षं विजेशी व्यवहार केला, पण असला घोळ त्याने कुठल्याच घरात बघितला नव्हता. "मग मला लागलं ते काय?" त्याने विचारलं. तिला तरी कुठे ठाऊक होतं?

मग त्याने सांगितलं. लाँड्री, चादरी, चष्म्याची डबी, सगळं. ती रडली, मग चिडली. "मला काही झालं असतं म्हणजे?" असं एकदाच म्हणाली, आणि ते त्याला लाँड्रीतल्या हिसक्यापेक्षा जोरात बसलं. तिने फोन त्याच्यापुढे सरकवला. त्याने बेकरीवाल्याला लावला. "सोमवारी दुसरा कुणी बघा," तो म्हणाला. "नाही, तारीख बदलून नाही चालणार. माझा हात गेलाय."

"उद्या सकाळी डॉक्टर," ती म्हणाली.

"आणि वर्ग?"

"त्याचं मग बघू."

मग त्याने आपण होऊन हात पुन्हा टेबलावर ठेवला आणि डोळे घट्ट मिटले.

"एकदा परत बघ. पण या वेळी खरंच लाव."

तो वाट बघत राहिला. बाहेरून एक सायकल गेली. मन कुठेच न नेता तो नुसता बसला होता. बराच वेळ गेला.

"लावलास का गं?"

"केव्हाची धरून बसलेय," ती म्हणाली.