कॅप्टनसाहेबांचा गोल फेरा

मी निजामाच्या रिसाल्यात दफेदार होतो. दफेदार म्हणजे घोडदळातला हवालदार. ती राजवट संपायला फार वर्षं उरली नव्हती, पण हे आम्हांला कुणी सांगितलेलं नव्हतं. आमचा ट्रूप नांदेडला होता. त्यातली आठ माणसं आणि आठ घोडे घेऊन आमच्या कॅप्टनसाहेबांनी हिवाळ्यात बिलोलीजवळ तळ टाकला. लढाईसाठी नाही, बंदोबस्तासाठीही नाही. हैदराबादहून एक गोरा कर्नल पाहणीला येणार होता, त्याला घोड्यावरून फिरवायचं होतं. ती वाट आखणं हे आमचं काम.

कॅप्टनसाहेब चोवीस वर्षांचे. मोठ्या राजेघराण्यातले. घोडा ते पोलोच्या मैदानावर शिकले होते आणि नदी बहुधा आगगाडीच्या खिडकीतून पाहिली होती. तंबूत टेबलावर मॅप पसरून त्यांनी लाल पेन्सिलीनं एक गोल काढला आणि मान तिरकी करून तो बराच वेळ पाहत बसले. पोरगी पाहायला आल्यासारखे.

बिलोलीच्या खाली मांजरा नदी एके ठिकाणी दोन धारांत फुटते. मधे आठेक मैल लांबीचं बेट आहे. त्यावर पळसाचं आणि शिंदीचं रान, बोरगाव आणि सांगवी ही दोन लहान गावं आणि त्यांची काळी शिवारं. अलीकडची धार उथळ, घोड्याच्या गुडघ्याइतकी. पलीकडची खोल, तिथं नाव लागते. साहेबांचा बेत असा: सकाळी सातला निघायचं, उथळ धार ओलांडायची, रानात तित्तिर मारायचे, बोरगावात नाष्टा, सांगवीवरून घाट, नावेनं पलीकडे, काठाकाठानं वर आणि बेटाच्या वरच्या अंगाला उतारानं नदी ओलांडून तीनपर्यंत तळावर. आल्या वाटेनं परत यायचं नाही, यावर त्यांचा सगळा जीव. कर्नल येण्याआधी तालीम म्हणून हा फेरा आम्ही एकदा मारायचा होता.

मी शुक्रवार ठरवून सांगवीला जाऊन आलो. नावाडी महादू भोई. नाव त्याची, शिवाय बेटावर दोन एकर रान. शुक्रवारी दुपारी घाटावर थांब म्हणालो. तो थांबतो म्हणाला.

मग साहेबांचे नवे बूट हैदराबादहून शुक्रवारपर्यंत आलेच नाहीत. जुन्या बुटांत तालीम कशी करणार? तालीम रविवारवर गेली.

"सर, नाववाल्याला कळवायला हवं," मी म्हणालो.

साहेबांनी मॅपवरून मान वर केली नाही. "नाववाला नाव पे ही तो बैठेगा. और कहाँ जाएगा?"

मी सॅल्यूट मारला आणि बाहेर आलो. 

मकबूल आमच्या ट्रूपमधला सवार, उदगीरचा. त्याच्याइतका चांगला घोडेस्वार मी पुढंही फार पाहिला नाही. पाण्याला मात्र तो भ्यायचा आणि लपवायचा नाही. शनिवारी संध्याकाळी घोड्यांना मालिश चालू असताना तो माझ्याजवळ आला.

"दफेदार, त्या पल्याडच्या धारंला लई पानी हाय म्हन्तात. मला पवता येत न्हाई, तुमाला ठावं हाय."

"नाव हाय," मी म्हणालो. "घोडे बाजूनं पवतील. तू नावंत बसून लगाम धरायचा."

"मंग हरकत न्हाई," म्हणाला आणि पुन्हा घोडीकडे गेला.

रविवारी सातला निघालो. नवे बूट चकाकत होते. उथळ धार आरामात ओलांडली. तित्तिर एकही पडला नाही. साहेबांनी पाच काडतुसं फुकट घालवली आणि दोष वाऱ्याला दिला. नऊला बोरगावात शिरलो. गावात माणूस नव्हतं. दारांना कड्या, चुली थंड, पारावर एक कुत्रं.

साहेबांचा हात पिस्तुलावर गेला. "गाँव ख़ाली क्यों है? बदमाश लोग तो नहीं?"

वेशीबाहेर आल्यावर मला दिसलं. प्रत्येक शिवारात कडब्याची खोप उभी होती, खोपीत पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले पाच दगड, भोवती बायकापोरं. येळवस होती. मार्गशीर्षातली अवस. आमच्याकडे त्या दिवशी गाव गावात राहत नाही, रानात जेवतं. मी रेणापूरच्या शेतकऱ्याचा मुलगा. येळवशीच्या भज्जी आणि आंबिलीवर वाढलो. पण सात वर्षं बॅरेकमध्ये काढली आणि तिथी विसरून हजेरीचे वार मोजायला लागलो. कॅप्टनसाहेबांना हे ठाऊक नव्हतं, ते परके होते. मला कोणती सबब?

"सर, आज सण आहे. नावाडीही रानात असेल."

"घाट देखेंगे."

सांगवीच्या शिवाराजवळून जाताना एक म्हातारी बांधावर आली. येळवशीला रानाजवळून जाणाऱ्याला न जेवता जाऊ देत नाहीत, मग तो चोर असो की शिपाई.

"उतरा रं बाबांनो! आंबील प्या, मंग जावा. असं उपाशी जाऊ नगा आज."

मकबूल रिकिबीतून पाय काढायलाच लागला होता. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "नाश्ता बोरगाव में था. यहाँ टाइमटेबल में नहीं है." बोरगावात नाष्टा कुणी दिला होता? घोडे पुढं काढले. म्हातारी मागून हाका मारत राहिली.

एकला घाटावर पोचलो. नाव काठाला साखळीनं बांधलेली होती. बांबू आणि वल्ही नव्हती. नावाडी ती घरी नेतो. धार शंभर पावलांची, संथ दिसणारी, हिरवी.

"सर, अर्धा तास द्या. त्याला रानातून शोधून आणतो."

"आधा घंटा नहीं है."

"मग आल्या वाटेनं परत जाऊ. पाचपर्यंत तळावर पोचू."

साहेब माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या आईला काही बोललो. "उसी रास्ते से वापस? फिर मैंने लकीर किसलिए खींची?"

मग त्यांनी सगळ्यांत उंच घोडी कोणती ते पाहिलं. "मकबूल. तुम पहले. गहराई देखो."

मकबूलनं माझ्याकडे पाहिलं. एवढंच. मी तोंड उघडायला हवं होतं. सर, त्याला पोहता येत नाही, मी जातो. दोन वाक्यं. पण नुकताच दोनदा बोललो होतो आणि दोनदा झिडकारला गेलो होतो. तिसऱ्यांदा तसं व्हायला नको, असं मला वाटलं. मला खरंच तसं वाटलं. मी समोर पाण्याकडे बघत राहिलो.

मकबूलनं "यस सर" म्हटलं आणि घोडी पाण्यात घातली.

पंधरा पावलं ठीक गेली. मग तळ संपला. घोडी पोहायला लागली, ओढीनं आडवी झाली. घाबरून त्यानं दोन्ही हातांनी लगाम ओढला, तशी तिची मान मागं आली आणि ती उलटली. मी बूट न काढताच उडी घेतली. दोनदा तळ गाठला, हाताला गाळ लागला. घोडी खाली दोन फर्लांगांवर काठाला लागली, खोगीर रिकामं.

साहेब काठावर उभे. म्हणाले, "लगाम छोड़ देना चाहिए था उसे."

बातमी रानात पोचली आणि तासाभरानं तिथली माणसं धावत आली. पुढं महादू होता, हातात वल्ही. ज्या म्हातारीनं आम्हांला हाका मारल्या ती त्याची आई. आम्ही बांधावरून गेलो तेव्हा तो खोपीमागं पंगतीत जेवत होता. हात जोडून म्हणाला, "शुक्करवारी दिसभर बसून ऱ्हायलो, सायेब. कुनीच न्हाई आलं." संध्याकाळी त्यानंच गळ टाकून मकबूलला वर काढलं.

कर्नल आला. त्याला पलटणीचा बँड ऐकवला, फोटो काढला. बेट त्यानं पाहिलंच नाही. घोड्यांची त्याला हौसच नव्हती.

मकबूलचं सामान घेऊन मी उदगीरला गेलो. त्याचे वडील दारात बसले होते. सामान घेतलं, बाजूला ठेवलं. मला पाणी दिलं.

"त्याला पवता येत नव्हतं," ते म्हणाले. "सायबाला ठावं होतं का?"

"नाही."

"आन तुला?"

"हो," मी म्हणालो. मी पेला खाली ठेवून उठलो. 

त्या कॅप्टनला पुढं बढती मिळाली. त्याची मला कीव येत नाही, रागही आता राहिला नाही. असली माणसं पैशाला पासरी मिळतात. रिपोर्टमध्ये लिहिलंय, सवार मकबूल, घोडी बिथरल्यानं बुडून मयत. खाली साक्षीदाराची सही माझी आहे. ते खोटं आहे. घोडी बिथरलेली नव्हती. त्यानं हुकूम ऐकला, आणि तो हुकूम त्याला मारणार हे ज्याला माहीत होतं तो दफेदार त्याच्या शेजारी घोड्यावर ताठ बसला होता.