पुढच्या स्टेशनवर सासूबाई

रत्नागिरीच्या मैत्रिणींनो, आज मुंबईत काय झालं ते ऐका.

माझ्या आठ महिन्यांच्या ओवीची बाबागाडी ढकलत सासूबाई पहिल्यांदाच भुयारी मेट्रोत चढल्या. ओवीचा बूट फलाटावर पडला. तो उचलायला मी वाकले आणि दरवाजे बंद झाले. गाडी गेलीसुद्धा! सासूबाईंचा मोबाइल माझ्याच पर्समध्ये.

मी मागच्या गाडीने पुढच्या स्टेशनवर पोचले. दार उघडलं तर समोरच बाबागाडीला ब्रेक लावून, ओवीला कडेवर घेऊन सासूबाई उभ्या. मला रडूच फुटलं.

"रडतेस काय गो? तू मागून येणार हे ठाऊक होतं. मग मी उगाच पुढे कशाला जाऊ?"

त्यांच्या जागी मी असते तर गाडीतच रडत बसले असते. तुमच्या घरात इतकं शांत डोकं कुणाचं आहे?