कांछा बेड्यापाशी बसायचा

आंब्याचा हंगाम संपला की बागांतले गुरखे नेपाळला आपापल्या गावी जातात. कुत्री मागे राहतात. रत्नागिरीच्या आसपास जिथे जिथे कलमांच्या बागा आहेत तिथे हे दर वर्षी होतं, आणि दर वर्षी होतं म्हणून त्याचं कुणाला काही वाटत नाही. मोहर धरला की राखणीला गुरखा येतो. त्याला सोबत म्हणून कुठून तरी पिल्लू येतं. ते वानरांवर भुंकतं, गुरख्याच्या ताटलीतलं खातं, त्याच्या पायाशी झोपतं. जूनमध्ये खोपीला कडी लागली की ते त्या कडीखाली बसून राहतं. मालक मुंबईत असतो. काही दिवस कुत्रं दिसतं, मग दिसेनासं होतं.

बकुळाला ते बघवलं नाही. ती मिरकरवाड्याच्या बंदरावरची खारवीण. नवरा मोरू दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. सकाळी लिलावातून मासळी उचलायची, गावात काही घरं करायची, मग बस पकडून मिरजोळ्याच्या नाक्यावर उतरायचं आणि पाटी डोक्यावर घेऊन वाड्यावाड्यांतून हिंडायचं, हा तिचा रोजचा शिरस्ता. १९९८ च्या पावसाळ्याच्या तोंडावर अशाच एका बंद खोपीपुढचं हडकलेलं कुत्रं ती घरी घेऊन आली. ते तिने पुढे कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका चहावाल्याला दिलं. दुसऱ्या वर्षी दोन मिळाली. दारोदार जाणाऱ्या बाईला कुणाच्या घरी चोरी झाली, कुणाचं कुत्रं म्हातारपणी गेलं, कुणाचं घर मुलं गेल्यावर ओकंबोकं झालं, हे विचारावं लागत नाही. हळूहळू लोकच सांगू लागले, "बकुळे, पुढच्या खेपेला आमच्यासाठी बघ हो एखादं."

मोरू चिडवायचा. "माया-बिया काय नाय. तुझ्या अंगाला बांगड्याचा वास येतो, म्हणून मागं लागतात."

"तुमच्या अंगाला काय अत्तराचा येतो? तुमच्या मागं एक तरी लागलंय काय?"

कुत्रं द्यायची तिची एक रीत होती. आधी काही दिवस त्याला फेरीवर सोबत न्यायचं, घरं दाखवायची. द्यायच्या दिवशी आपली दोरी सोडून घ्यायची आणि त्या घरच्या दोरीला बांधायला लावायचं. पहिला घास त्या घरच्या बाईने घालायचा. मग निघायचं, ते मागे न बघता. आणि पुढचा महिनाभर त्या वाटेला पाऊल टाकायचं नाही. तेवढ्या दिवसांपुरती ती त्या वाटेवरची घरं आपल्या धाकट्या जावेला, दमयंतीला द्यायची.

"तुझी कुत्री माझा धंदा वाढवतात बाय," दमयंती हसायची. "अजून दे चार-पाच."

"तुझ्या धंद्यासाठी नाय गो. मी दिसले की ते माझंच राहतं. मग ते त्या घरचं कधी होणार?"

अशी तिने बरीच कुत्री दिली. सगळी त्या त्या घरची झाली. एका कुत्र्याच्या बाबतीत तिने रीत मोडली. तो कांछा.

कांछा हे नाव गुरख्याने ठेवलेलं, फेरीवर तिने ते ऐकलं होतं. त्यांच्या बोलीत कांछा म्हणजे धाकटा. २००१ साली बागेतला आंबा उतरल्यावर तो मिरजोळ्याच्या वरच्या कातळाच्या सड्यावर सापडला. रंगाने चिऱ्यासारखा तांबूस, एक कान वानराने फाडलेला. पिल्लू नव्हता, चांगला वाढलेला होता. लोकांना पिल्लू हवं असतं. फाटक्या कानाचा कुत्रा बघून म्हणायचे, "हा नको गो, हा चोरासारखा दिसतो."

म्हणून तो बकुळाकडेच राहिला. श्रावण गेला, गणपती गेले, दिवाळी आली. रोज तिच्याबरोबर घरून निघायचा, बस सुटली की बसच्या मागे धावायचा आणि नाक्यावर तिच्या नंतर थोड्या वेळाने जीभ बाहेर काढून हजर व्हायचा. तिला मूलबाळ नव्हतं. याविषयी ती कधी बोलत नसे, आणि कांछाशी मात्र वाटेने अखंड बोलत असे.

त्याला ठेवूनच घेतलं असतं. पण बंदरावरची कुत्री त्याला टिकू देईनात. जेट्टीवर पडणाऱ्या मासळीवर जगणारी ती टोळी, परका कुत्रा त्यांना खपत नाही. दोनदा त्यांनी त्याला घेरलं. दुसऱ्या वेळी मोरूने वल्हं घेऊन मध्ये उडी मारली म्हणून वाचला.

"याला कुठंतरी दे गो," जखमेला हळद लावता लावता मोरू म्हणाला. "तिसऱ्यांदा मी घरात असेन याचा काय नेम?"

मिरजोळ्यात अण्णा आठल्ये आणि पद्मजाकाकी असं जोडपं राहायचं. अण्णा शाळेतून निवृत्त झालेले, मुलगा सलिल पुण्याला. घरामागे थोडी कलमं, भोवती कुंपण म्हणून चिऱ्यांचा गडगा, वाटेवर फाटकाऐवजी आडव्या बांबूंचं बेडं. घर शाकाहारी. तरी बकुळा रोज तिथे थांबायची. काकी तिला तांब्याभर पाणी आणि वर गुळाचा खडा द्यायच्या. अण्णा ओटीवरून ओरडायचे, "बकुळे, पाटी त्या फणसाखाली ठेव हो. वारा तिकडून आला की माझी संध्या बुडते."

"मग वाऱ्याला सांगा अण्णा, पाटीला काय सांगता?"

त्यांच्या कलमांवर वानरं फार यायची. शिवाय काकी न्हाणीत पडल्यापासून अण्णांना घर सोडून लांब जाता येत नव्हतं. दिवाळीनंतर एके दिवशी त्यांनीच विषय काढला. "हा फाटका कान कुणाचा आहे?"

"वानरानं फाडलाय."

"म्हणजे अनुभवी आहे!" अण्णा म्हणाले, आणि काकी हसल्या. कांछाला घर मिळालं.

बकुळाने दोरी सोडली. काकींनी दहीभाताचा घास पुढे केला. कांछाने तो हुंगला आणि बकुळाकडे बघितलं. ती मागे न बघता वळणापर्यंत गेली, आणि वळणावर मात्र तिने पदर तोंडाला लावला.

थोड्याच दिवसांत दमयंती निरोप घेऊन आली. काकींनी सांगितलं होतं, "काही खात नाही गो. दहीभात घातला, दूधभाकरी घातली. तोंड लावलंन नाही."

"भूक लागली की खाईल," बकुळा म्हणाली. तिला ते माहीत होतं. आधीच्या कुत्र्यांनीही असंच केलं होतं आणि शेवटी खाल्लं होतं. पण ती कुत्री म्हणजे कांछा नव्हे. तिला रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी तिने दमयंतीला सांगितलं, "आज तिकडं मी जाते."

घराच्या अलीकडे, गडग्याच्या आडोशाला ती उभी राहिली. हाकसुद्धा मारावी लागली नाही. कांछा गडग्यावरून उडी मारून आला, अंगावर पाय ठेवून कुईकुई करू लागला. तिने अळवाच्या पानावर पाटीतल्या दोन तारल्या ठेवल्या. त्याने त्या पानासकट गिळल्या.

आठल्यांच्या दारात मासळी! पानाचा तुकडा शिल्लक राहिला नाही ना, काटा पडला नाही ना, हे दहा वेळा बघून ती निघाली. काकींच्या कानावर गेलं तर पाण्याचा तांब्या बंद होईल, आणि कांछाचं घर जाईल ही खरी भीती. म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही, दमयंतीलाही नाही. तिला म्हणाली, माझ्या बाकीच्या घरांना त्या वाटेनेच जाणं सोयीचं पडतं. उद्या नाही द्यायचं असं ठरवून ती परत गेली, आणि उद्याही दिलं. मग रोजचंच झालं. गडग्याआड मासळी, मग पुढे येऊन बेड्यातून आत, फणसाखाली पाटी, तांब्याभर पाणी. जणू काही झालंच नाही.

पोटात मासळी गेली की कांछा घरी जाऊन थोडा भात चिवडायचा. काकींना वाटलं, रुळला. अण्णा तर खूश होते. "कुत्रा म्हणजे काय कुत्रा आहे! सकाळी उजाडलं की बेड्यापाशी जाऊन बसतो. हलत नाही. काय राखण करतो हो!"

बकुळा खाली बघून पाणी प्यायची.

हिवाळा गेला, आंबा झाला, आंबा उतरलाही. वानरांवर कांछा भुंकत असे, अण्णांच्या काठीमागून कलमांतून फिरत असे, काकींच्या खुर्चीखाली दुपारी झोपत असे. बघणाऱ्याला तो त्या घरचाच वाटावा. पण सकाळी तो बेड्यापाशी.

जून आला. होड्या वर ओढल्या गेल्या, लिलाव बंद झाला. पावसाळ्यात बकुळा दर वर्षी नेवऱ्याला माहेरी जायची, भावाच्या भातलावणीला हात लावायला. सुकी मासळी विकायला दमयंती होती. या वेळी जाताना तिने मनाशी म्हटलं, हे बरंच झालं. मी दिसले नाही की खाईल. आपली मोडलेली रीत आता पावसानेच सांधली असं तिला वाटलं. जाण्याआधी ती त्याला भेटायलाही गेली नाही.

कांछा पावसात बेड्यापाशी बसला. अण्णांनी त्याला ओढून पडवीत आणलं, तो पुन्हा गेला. काकींनी ताट तिथे नेऊन ठेवलं, भातात पाणी साचलं. अण्णा म्हणाले, "काय राखायचंय रे आता? आंबा संपला. आत ये." एका सकाळी बेड्यापाशी कुणी नव्हतं. सत्तरीचे अण्णा छत्री घेऊन सड्यावर हाका मारत हिंडले. "कांछा! कांछा!" लोकांना वाटलं, अण्णा नातवाला शोधताहेत.

नेवऱ्याच्या शेतात बकुळा गुडघाभर चिखलात होती. बांधावर मोरू येऊन उभा राहिला. बंदर सोडून तो इकडे कधी येत नसे. तिने हातातला रोपांचा आवा खाली ठेवला.

"कोण गेलं?"

"कोण नाय. माणूस कोण नाय."

मग तिला कळलंच. तरी ती म्हणाली, "सांगा."

"आपल्या दारात येऊन बसला व्हता. दाराला कुलूप. मी खाली होडी शाकारीत व्हतो, माडाच्या झापा बांधीत. आवाज झाला, वाटलं, कुत्री भांडतायत, रोजचंच. मग पोरं ओरडली." मोरूने डोक्यावरचं इरलं काढलं आणि पावसात तसाच उभा राहिला. "त्या कुत्र्यांनी धरलानी त्याला. पोचलो तवर जीव व्हता. माझा हात चाटलान गो."

"कुठं पुरलात?"

"माडाखाली. आपल्या."

आवा उचलून तिने उरलेली ओळ लावून संपवली. भावजय सांगते, त्या ओळीतली सगळी रोपं उलटी-सुलटी लागली होती.

दुसऱ्या दिवशी ती पाटीशिवाय मिरजोळ्याला गेली. ओटीवर काकी बसल्या होत्या, पायाशी ती जुनी ताटली घासूनपुसून ठेवलेली. बकुळाने काय झालं ते सांगितलं. काकींनी डोळे मिटले. ताटली जवळ ओढून त्या म्हणाल्या, "आमच्याकडून काय कमी पडलं गो? हे तेवढंच विचारते मी रोज यांना. सलिल लहान होता तेव्हासुद्धा मी कुणाच्या ताटाशी इतका वेळ बसले नाही. आमच्या घरात राहावंसं का वाटलं नाही त्याला?"

बकुळाला गप्प राहता आलं असतं. कुत्रा मेला होता, सांगणारं कुणी नव्हतं. पण काकींच्या त्या प्रश्नापुढे तिला गप्प राहवेना.

"तुमचं काय कमी पडलं नाय काकी. मी रोज त्याला मासळी घालीत होते. त्या गडग्यामागं. पहिल्यापासून."

अण्णा दारात उभे होते. त्यांनी बेड्याकडे बघितलं. बांबूंच्या खाली एक वाटोळी जागा बसून बसून गुळगुळीत झाली होती, तिच्यात आता पाणी साचलं होतं.

"म्हणजे तो तुझी वाट बघायचा," ते म्हणाले. "आणि मी लोकांना सांगत सुटलो होतो."

त्यांच्या आवाजात राग असता तर बकुळाला बरं वाटलं असतं. काकी मात्र बोलल्या. "मला सांगायचंस गो. एकदा सांगायचंस."

"तुमच्या दारात मासळी… कसं सांगू काकी? त्याला घालवला असतात तर?"

"मुक्या जिवाला घालवलं असतं होय आम्ही?" काकी म्हणाल्या. "तुझ्याकडूनच घेतली असती. गडग्यापलीकडे मी माझ्या हातानं घातली असती. नंतर हात धुतले असते, एवढंच ना? इतकी वर्षं माझ्या हातचं पाणी पितेस, आणि मला एवढंसुद्धा ओळखलं नाहीस?"

काकींनी पाण्याचा तांब्या आणला. ती प्यायली नाही. तिने तांब्या कपाळाला लावला आणि परत ठेवला.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या. आठल्यांच्या वाटेवरची घरं बकुळाने दमयंतीला कायमची देऊन टाकली. त्या वाटेला ती जाईना. बागांतली कुत्री मात्र ती पुढच्या वर्षीही गोळा करून आणत राहिली, त्यांना घरं बघत राहिली. २००३ च्या हंगामानंतर तिला एक काळी कुत्री मिळाली, वर्षाची. ती तिने दमयंतीच्या हाती दिली. "आठल्यांकडं ने. काकींना विचार, हवी काय. माझं नाव घेऊ नको."

दमयंतीने नेली. काकींनी ठेवून घेतली. दमयंती परत आल्यावर म्हणाली, "पहिल्याच दिवशी भात खाल्लान गो तिनं. काकी तुला पाणी प्यायला बोलावतायत." बकुळा गेली नाही.

पण फेरीवाल्या बाईला एखादी वाट जन्मभर टाळता येत नाही. त्या हिवाळ्यात पलीकडच्या वाडीत कुणाचं तरी लग्न होतं, सौंदाळे मासे मागवले होते, आणि दुसरी वाट खणून ठेवलेली. गडग्यापाशी येताच काळी कुत्री बेड्यावर पुढचे पाय टेकून उभी राहिली आणि दात विचकून भुंकू लागली. पाटीचा वास होता, तरी एकदाही शेपूट हलवली नाही. ओटीवरून अण्णा कुत्रीला ओरडले, "कोण आहे गो? ये ये, कुणी परकं दिसतंय वाटतं. पुरे आता!"

बकुळाने पाटी उतरवली होती आणि तिचा हात सवयीने आतल्या तारल्यांकडे गेला होता. तो तिने परत घेतला. गडग्याला पाठ लावून ती क्षणभर टेकली आणि तिने पदर तोंडाला लावला. मग पाटी डोक्यावर चढवून ती निघाली, मागे न बघता. ती वळणापार दिसेनाशी होईपर्यंत कुत्री भुंकत होती.